तिसऱ्या बोटाचा उशीर

६ जानेवारी, मंगळ.
मालिकांना सबटायटल लावायचं काम, आज घरून. नऊला बसले आणि साडेनऊला अडले. लॅपटॉपने परवा स्वतःच्या मर्जीने अपडेट घेतला, त्याच्याबरोबर ते बोटांचं सॉफ्टवेअरही नवं झालं. जुनं आता या मशीनवर चालतच नाही. ट्रॅकपॅडवर दोन बोटं टेकवली की सबटायटलची ओळ सुरू, तीन टेकवली की बंद, असं मी चार वर्षांपूर्वी लावून ठेवलं. आज मी तीन टेकवतेय आणि ते दोनच मोजतंय. ओळ बंद व्हायच्या ऐवजी नवीनच सुरू. मालिकेत सासरे वारले, घरभर रडारड, आणि खाली अजून 'भाजीत मीठ कमी आहे'. आधी हसू आलं. नंतर नाही.

सॉफ्टवेअरला बोल लावण्यात अर्थ नाही. ते आता घाई करतं एवढंच. तिसरं बोट उशिरा पडतंय माझं. अनामिका. दिवाळीपासून ती आणि करंगळी, दोघी बधिर.

८ जानेवारी, गुरु.
पुन्हा घरून. पर्याय शोधण्यात दिवस गेला. अनामिकेऐवजी अंगठा टेकवून पाहिला, तर ट्रॅकपॅड त्याला तळहात समजतो आणि सोडून देतो. डाव्या हाताने पाहिलं, पण डावा कीबोर्डवर शब्द दुरुस्त करत असतो. त्याला तिथून उठवला की सगळी लय जाते. दिवसाला दोन भाग द्यायचे असतात. आज एक, तोही रडतखडत. ऑफिसात देवयानी मॅडमना कळवलं, नेट गेलं होतं. माझ्या तोंडून खोटं फार सहज निघायला लागलंय.

९ जानेवारी, शुक्र.
ऑफिस. वागळे इस्टेटमधल्या आमच्या मशीनवर अजून जुनं सॉफ्टवेअर आहे. हात टेकवला आणि त्याने सगळं मुकाट ऐकलं. डोळ्यांत पाणी आलं, खरंच.

देवयानी मॅडम नव्या मुलींना घेऊन माझ्यामागे येऊन उभ्या. "ही बघा, प्रत्येक ओळ मागे नेऊन परत तपासते. आपलं ऑफिस हिच्या नजरेवर चाललंय." नजर कसली डोंबलाची! डाव्या कोपऱ्यात एक टॅप केला की चित्र पाच सेकंद मागे जातं, तेवढ्यात उजव्या हाताला विसावा मिळतो. त्या जेश्चरचं, म्हणजे बोटांच्या खुणेचं, नाव मी 'खोटं' ठेवलंय. प्रत्येक जेश्चरला नाव देता येतं. मराठीत दिलं की कोण वाचतंय?

जेवताना हर्षदने बातमी दिली. शेजारच्या टेबलावर बसतो, कल्याणचा, सव्विशीचा. हे सॉफ्टवेअर मला त्यानेच शिकवलं.
"ताई, सत्तावीसला सगळी मशीन्स अपडेट होणार. नवीन व्हर्जन एकदम मख्खन आहे."
"जुनं ठेवता नाही येणार?"
"कशाला? जुनं किती स्लो होतं!"
डब्यातली पोळी तशीच राहिली.

अठरा दिवस आहेत. मॅडमना कळलं तर भाषा तपासणीला बसवतील. तयार सबटायटल वाचायची, शुद्धलेखन बघायचं. ऐकायला बरं वाटतं. गेल्या वर्षी पाठीमुळे सुनीताताईंना तिकडे बसवलं. आधी रोज, मग आठवड्यातून दोनदा, मग 'लागलं तर फोन करू'. त्यांचा नंबर अजून माझ्याकडे आहे आणि मीही त्यांना फोन केलेला नाही.

११ जानेवारी, रवि.
हे सॉफ्टवेअर एकच माणूस बनवतो. कुठल्या देशातला, माहीत नाही. सही नुसती 'ए'. मी त्याला कर्ता म्हणते, कारण सध्या करता करविता तोच. त्याचं एक पान आहे, तिथे वापरणारे सुधारणा सुचवतात, बाकीचे पसंती देतात, पटलं तर तो करतो.

दुपारभर बसून सूचना लिहिली. माझं इंग्रजी सबटायटलचं, दोन ओळींच्या पुढे गेलं की घाम फुटतो. म्हणणं एवढंच: तीन बोटांच्या टॅपमध्ये तिसऱ्या बोटासाठी किती थांबायचं ते ज्याचं त्याला ठरवू द्या. एक पट्टी द्या, ती ओढली की थांबण्याचा वेळ कमी-जास्त होईल. आणि एखादं बोट नुसतंच टेकलेलं असेल तर ते मोजू नका. (करंगळी. ती लोळत पडलेली असते.)

का हवंय ते लिहिलं नाही. 'सोयीसाठी' लिहिलं.

संध्याकाळपर्यंत एक पसंती. माझीच.

१३ जानेवारी, मंगळ. भोगी
कर्त्याचं उत्तर आलं. नम्र माणूस. म्हणतो, तिसऱ्या बोटासाठी थांबायचं तर दोन बोटांचा टॅपही तेवढाच रखडेल, कारण अजून एक बोट येतंय का हे आधी बघावं लागेल. मग लोकांना सगळंच संथ वाटेल. याच तक्रारी होत्या म्हणून नव्या व्हर्जनमध्ये वेळ कमी केला. तुला नेमकं कशासाठी हवंय? खाली कोणीतरी लिहिलंय, मला तर काही अडचण येत नाही. तुला नाही येत, बाबा, भाग्यवान आहेस.

संध्याकाळी तिळाचे लाडू. पाक हाताला सोसेल तेवढाच निवू द्यायचा आणि भराभर वळायचं, आईची शिस्त. माझे आज वळेनात, सुटायचे. नवरा, माधव, शेजारी उभा राहून ताटाला तूप लावत होता. तो कल्याणजवळ मोहने गावच्या शाळेत गणित शिकवतो, त्यामुळे त्याला मोजायची खोड आहे. अचानक म्हणाला, "अगं, हात बघू." करंगळीच्या टोकाला हा एवढा फोड. पाकाने भाजलं होतं आणि मला कळलंच नव्हतं.
"दुखत नाहीये?"
"नाही."
"दुखत नाही म्हणजे काय?"

१४ जानेवारी, बुध. संक्रांत
काल सगळं सांगावं लागलं. डिसेंबरात माजिवड्याला डॉक्टरकडे एकटीच गेले होते, तेही. दंडापासून बोटांपर्यंत सुया टोचून, झटके देऊन तपासणी झाली, तेही. कोपराशी नस दबलीय. ऑपरेशन करून घ्या म्हणतात. मी विचारलेलं, बोटं पूर्वीसारखी होतील? म्हणाले, आहे तिथे थांबेल असं धरून चला, गेलं ते परत येईलच असं नाही. न केल्यास अजून किती बिघडेल? म्हणाले, सांगता येत नाही. मग मी घरी येऊन वरण-भात लावला होता.

मा. ओरडला नाही. ओरडला असता तर बरं झालं असतं. "मला का नाही सांगितलंस?" एवढंच, तीनदा. मी म्हटलं, ऑपरेशन म्हणजे दीड महिना घरी, आणि दीड महिन्यात माझ्या टेबलावर दुसरी कोणी बसलेली असेल. म्हणाला, "टेबल मोठं की हात?" बोलायला सोपं आहे. टेबल गेल्यावर हात घेऊन मी काय करू?

आज तिळगूळ घ्यायला शेजारी आले, त्यांनाही लाडू फुटके दिले.

१६ जानेवारी, शुक्र.
ऑफिसात बरा दिवस. दोन भाग, वेळेत.

कर्त्याने परत लिहिलंय. म्हणतो, कदाचित तुझ्या सेटिंगमध्येच गडबड असेल, तुझी सेटिंगची फाइल पाठव, मी स्वतः बघतो. लगेच पाठवली. परका माणूस माझ्यासाठी वेळ काढतोय याचंच अप्रूप वाटलं. अकरा दिवस राहिले.

१९ जानेवारी, सोम.


ऑफिसला पोचले तर हर्षद जिन्यातच उभा. "ताई, ती फाइल काढा तिथून."
"कुठली?"
"तुम्ही पेजवर टाकली ती. ती पब्लिक आहे ना यार! मी डाउनलोड केलेली, म्हटलं ताईंचा प्रॉब्लेम सॉल्व्ह करू."

मला वाटलेलं फक्त त्याला गेली. मी उत्तराच्या खालीच जोडली होती, सगळ्यांसमोर. आणि फाइलमध्ये माझ्या सगळ्या जेश्चरची नावं. 'खोटं'. 'मॅडम मागे' (एका झटक्यात हाताच्या आजाराची पानं लपतात). 'आज बोट मेलंय' (सगळं दोन बोटांवर येतं, पण इतकं संथ की दिवसाला एकच भाग होतो). प्रत्येकापुढे टिपणाची जागा असते, तिथेही मी बाई लिहून ठेवलंय: दुपारनंतर वापर. थंडीत वापर. कोणाला कळू देऊ नको.

अख्ख्या जगात हे वाचणारं कोणी नाही म्हणून निर्धास्त लिहिलं, आणि वाचणारा हातभर अंतरावर बसतो.

"बोटाचं सिरीयस आहे काय ताई?"
"हर्षद, कोणाला बोललास?"
"आईशपथ नाही. पण मॅडमपण त्या पेजवर आहेत. ऑफिसचं लायसन त्यांच्या नावावर आहे, तर तिथलं सगळं त्यांना मेलवर जातं. फाइलसकट."

फाइल काढली. मेलमधली कशी काढणार?

मॅडम दिवसभर मीटिंगमध्ये. संध्याकाळी लिफ्टपाशी भेटल्या, हसल्या. नेहमीसारखं हसल्या की जास्त?

२० जानेवारी, मंगळ.
घरून. फोन वाजला की आधी नाव बघते. दोनदा कुरिअर, एकदा आई. मॅडमचा नाही.
दीड भाग झाला.

२२ जानेवारी, गुरु.
मॅडमचा मेसेज: 'उद्या आल्यावर आधी मला भेट.' शेवटी पूर्णविराम. मॅडम पूर्णविराम देत नाहीत कधी. मा. म्हणतो मी वेडी आहे. असेन.

२३ जानेवारी, शुक्र.
भेटले. जसं झालं तसं लिहून ठेवते.

मॅडमनी दार लावलं. म्हणाल्या, "'मॅडम मागे' म्हणजे मी ना?"
मी मान हलवली.
"मला राग आलाय. हाताचा नाही. मी मुलींना तीन महिने सांगतेय, हिच्यासारखं तपासा, हिच्यासारखं परत बघा. आणि ते 'खोटं' निघालं."
मी म्हटलं, मॅडम, सुरुवात विसाव्यासाठी केलेली, पण मागे गेल्यावर चुका दिसायच्या, त्या मी दुरुस्तही करत होते. हे खरं आहे. पण आता माझं खरंही खोट्यासारखंच ऐकू येत असणार.
त्या म्हणाल्या, "तू तपासणीला बस. फेब्रुवारीपासून. तुझ्यासाठीच सांगतेय, हाताला आराम पडेल."

प्रेमाने सांगितलं आणि तिथेच माझा धीर सुटला. रडले. मग काय अंगात आलं कोण जाणे, म्हटलं, "सुनीताताईंनाही आरामच दिलेला ना?" बोलून गेले. मॅडमनी टेबलावरचं कॅलेंडर पुढे ओढलं, म्हणाल्या: "महिनाअखेरपर्यंत रोज दोन भाग, एकही ओळ न लोंबकळता. नव्या व्हर्जनवर. जमलं तर बोलू."

नव्या व्हर्जनवर! नेमकं तेच तर जमत नाहीये.

२५ जानेवारी, रवि.
आता लपवायला उरलंय काय? कर्त्याला खरं लिहिलं. माझ्या उजव्या हाताची नस कोपराशी दबली आहे. तिसरं बोट उशिरा येतं, पण येतं. मला जेश्चर वेगवान नकोत, माझ्यासाठी थांबणारी हवीत. बाकीच्यांना संथ वाटेल म्हणतोस, तर पट्टी मुळात शून्यावर ठेव, ज्याला हवी तो ओढेल. दोन बोटांचा टॅप माझा रखडला तरी चालेल. आणि मंगळवारी सकाळी माझ्या ऑफिसात नवं व्हर्जन येतंय.

लिहिताना डिक्शनरी उघडली नाही. मा.ने वाचलं आणि एकच चूक काढली, तीही स्वल्पविरामाची.

२६ जानेवारी, सोम. सुट्टी
खालच्या पटांगणात झेंडावंदन. मी गॅलरीतून पाहिलं, मेल सोडून जावेना.

दुपारी उत्तर! कर्ता म्हणतो, हे आधी सांगितलं असतंस तर पहिल्याच दिवशी केलं असतं. मला वाटलं तुला हौस आहे. सोबत कच्चं व्हर्जन, फक्त तपासायला. त्यात पट्टी आहे. शून्यापासून दोनशे पन्नासपर्यंत, सेकंदाचे हजारावे भाग. बाजूला एक आकडाही दिसतो: दर टॅपला तिसरं बोट किती उशिरा आलं तो. म्हणजे पट्टी कुठे लावायची ते समजेल.

लावलं. टॅप केला. ओळ बंद झाली! मी स्वयंपाकघरात ओरडत गेले. मा.च्या हातातून मटाराची परात पडली.

माझा आकडा एकशे चाळीसच्या आसपास. पट्टी दोनशेवर ठेवली.

२७ जानेवारी, मंगळ.
मुद्दाम ऑफिसला गेले. सगळ्यांना नवं मख्खन व्हर्जन, मला कच्चं. हर्षदने बसवून दिलं. मॅडमना विचारून, चोरून नाही. दोन बोटांचा टॅप किंचित रखडतो, ओळ सुरू करायला जरा आधी बोट टेकवावं लागतं. दुपारपर्यंत अंदाज आला. दोन भाग पूर्ण. एकही ओळ लोंबकळली नाही.

हर्षद म्हणाला, "ताई, तुम्ही तर फुल ऑन निघालात." जेश्चरची नावं बदलली. 'खोटं' आता 'मागे'.

३० जानेवारी, शुक्र.
चार दिवस, आठ भाग. मॅडमनी स्वतः बसून दोन भाग तपासले, माझ्या शेजारी, माझ्यादेखत. एक ओळ उशिरा बंद झालेली सापडली, ती माझ्या डुलकीची, बोटाची नाही. तसं म्हणालेही. हसल्या.
"मार्चअखेरपर्यंत टायमिंगवरच राहा. मग बघू." आणि मी दाराशी पोचल्यावर: "सुनीताला मी काल फोन केला होता."

घरी येताना चितळ्यांकडून नाही, कोपऱ्यावरूनच पावशेर खरवस घेतला. कितीतरी दिवसांनी भूक लागली.

२ फेब्रुवारी, सोम.
तो बाजूचा आकडा बघायचा नाही असं ठरवलंय.
एकशे बावन्न.

५ फेब्रुवारी, गुरु.
सकाळी १४८, जेवणानंतर १७०. थंडी असेल. मा.ला सांगितलं नाही. तो कागद घेऊन बसेल, आडवी रेघ, उभी रेघ, आणि ठिपके जोडेल. मला ती रेघ बघायची नाही.

सूचनेला आता एकोणीस पसंती. एकाने लिहिलंय, माझ्या आईलाही हे हवं होतं, ती वापरणंच सोडून बसली होती. वाचून फार बरं वाटलं, आणि लगेच कसंसंच. मी त्या आईच्या रांगेत आहे.

७ फेब्रुवारी, शनि.
काल ऑफिसात संध्याकाळी १८८. पट्टी दोनशेवरून दोनशे वीसवर नेली. काम बिनचूक झालं. मॅडमना काही दिसलं नाही, दिसण्यासारखं काही नव्हतंच. सॉफ्टवेअर थांबतं, मी पोचते, ओळ बंद होते. सगळं छान चाललंय आणि बोट मागे मागे चाललंय.

आज मा. म्हणाला, माजिवड्याला फोन करू का, तारीख तरी विचारू. म्हटलं, मार्च होऊ दे. "मार्चनंतर?" म्हटलं, बघू. धुवायच्या भांड्यांतली काचेची तेवढी त्याने आधीच उचलून ठेवली होती.

८ फेब्रुवारी, रवि.
सकाळी कर्त्याचा मेल. पुढच्या आठवड्यात पट्टी सगळ्यांसाठी येतेय. आभार मानलेत, माझं नाव घालू का विचारलंय. आणि शेवटी एक छोटासा प्रश्न. एकदा पक्कं झालं की त्याला पट्टीची लांबी लवकर बदलता येणार नाही. दोनशे पन्नास त्याने अंदाजाने धरले होते. ही तुझी सूचना, तुझाच हात, तर तूच सांग: जास्तीत जास्त किती उशीर धरू?

चहा झाला, आंघोळ झाली, भाजी निवडून झाली. नावाचं उत्तर लिहिलं, नको म्हणून. आभारांचं लिहिलं. मग तीनशे लिहिलं. खोडलं. चारशे लिहिलं आणि वाटलं, बोट तिथवर मागे जाणार हे मीच लिहून देतेय. खोडलं.

मा. आत येऊन मागे उभा राहिला. मी काही लपवलं नाही. त्याने प्रश्न वाचला, पुन्हा वाचला, आणि खुर्ची ओढून शेजारी बसला. गणिताचा माणूस, पण आकडा सांगेना. माझा उजवा हात ट्रॅकपॅडवरून उचलून त्याने आपल्या मांडीवर ठेवला आणि म्हणाला, "तुला काय वाटतं?"

मला काय वाटतं ते मी अजून लिहिलेलं नाही.